नोंद आणि उतारा : बोलीसंग्रहासाठी पायथनची ओआरएम पद्धत

शेतकऱ्याच्या घरात 'उतारा' हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो. जमिनीची मूळ नोंद सरकारी दप्तरात राहते. आपल्या हाती येतो तो तिचा उतारा. महाराष्ट्रात त्याला सातबारा म्हणतात, कारण गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो बनतो. आमच्या बेळगाव भागातही बँकेत कर्जासाठी जाताना लोक उताराच काढतात. दप्तर आणि उतारा यांतला फरक मला मात्र संगणकासमोर बसून, एक चूक केल्यावर नीट समजला. साहित्याच्या अध्यापिकेने पायथनवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण बोलींचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला पुढेमागे या कामात उतरावे लागणार आहे. म्हणून हा धडा.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी येळ्ळूर, उचगाव आणि खानापूर परिसरातील घराघरांत जाऊन शब्द टिपले. 'मांडे' करण्याच्या भांड्यांपासून नात्यांतल्या टोमण्यांपर्यंत सारे चिठ्ठ्यांवर उतरले. चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत साठल्या, तेव्हा संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने सुचवले, "बाई, याचा डेटाबेस करू या."

पहिला प्रश्न होता मांडणीचा. एकच आजी तीस शब्द सांगते. प्रत्येक चिठ्ठीवर तिचे नाव, वय, गाव पुन्हा लिहिले, तर एके ठिकाणी चूक दुरुस्त होते आणि उरलेल्या ठिकाणी तशीच राहते. म्हणून आम्ही तीन तक्ते केले : शब्द, व्यक्ती आणि गाव. शब्दाच्या ओळीत व्यक्तीचा फक्त क्रमांक, व्यक्तीच्या ओळीत गावाचा क्रमांक. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपाचा गाभा हाच : एक गोष्ट एकदाच लिहावी आणि बाकी ठिकाणी तिच्याकडे बोट दाखवावे.

तक्त्यांशी बोलण्याची भाषा एसक्यूएल. पायथनमध्ये मात्र आपण वस्तूंच्या म्हणजे ऑब्जेक्टच्या भाषेत विचार करतो. या दोन भाषांमधला दुभाषी म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, अर्थात ओआरएम. आम्ही वापरला तो एसक्यूएल-अल्केमी. माइक बायर यांनी तो २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. प्रत्येक तक्त्यासाठी एक क्लास लिहायचा. मग तक्त्यातली एक ओळ म्हणजे त्या क्लासची एक वस्तू. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीतही ठेवता येतात, त्यामुळे आमच्या प्रणालीत

शब्द.व्यक्ती.गाव.नाव

असे लिहिले की 'हा शब्द सांगणाऱ्या व्यक्तीच्या गावाचे नाव' मिळते. षष्ठीची ही साखळी भाषेच्या विद्यार्थ्यांना चटकन कळते.

दुभाषी असला तरी तो काय करतो आहे हे ठाऊक हवे. ओआरएम आपणहून सगळे आणून ठेवत नाही; मागितल्यावर आणतो. याला लेझी लोडिंग म्हणतात. समजा, चाळीस व्यक्तींची यादी काढली आणि प्रत्येकीचे शब्द एकेक करून मागितले. यादीसाठी एक फेरी आणि शब्दांसाठी चाळीस, अशा एक्केचाळीस फेऱ्या डेटाबेसकडे होतात. 'सिलेक्ट-इन-लोड' हा पर्याय आधीच सांगितला, तर दोन फेऱ्यांत काम होते. दुसरी अडचण सेशनची. सेशन म्हणजे दप्तराची उघडी खिडकी. ती बंद झाल्यावर आधी न आणलेली माहिती मागितली, की वस्तू 'तुटलेली' असल्याचा दोष येतो. तेव्हा खिडकी उघडी असतानाच हवे ते घ्यावे.

आता उताऱ्याकडे. आमचा संग्रह इतर महाविद्यालयांना द्यायचा होता. स्मृतीतली वस्तू जशीच्या तशी पाठवता येत नाही. ती मजकुरात उतरवावी लागते. यालाच सिरियलायझेशन म्हणतात. मी त्याला उतारा काढणे म्हणते. त्यासाठी बहुधा जेसन हे रूप वापरतात. जेसनला मजकूर, संख्या, खरे-खोटे, रिक्त, यादी आणि नाव-मूल्यांचा संच एवढेच कळते. तारीख कळत नाही. ती '२०१९-०३-१४' अशी मजकूर म्हणून लिहावी लागते. नातेही कळत नाही. शब्दाच्या आत व्यक्ती, व्यक्तीच्या आत तिचे शब्द, त्या शब्दांच्या आत पुन्हा तीच व्यक्ती, असे उतरवत गेले तर अंत नाही. नेहमीच्या मांडणीत पायथन सुमारे हजार पायऱ्यांवर थांबून दोष दाखवतो. म्हणून नाते कुठे तोडायचे हे आपणच ठरवायचे.

चूक झाली ती इथे. प्रत्येक रकाना आपोआप उतरवणारा छोटा प्रोग्रॅम आम्ही लिहिला आणि 'हे वगळा' अशी यादी त्याला दिली : नाव, फोन, पत्ता. काम चोख चालले. पुढच्या वर्षी एका विद्यार्थिनीने व्यक्तीच्या तक्त्यात 'टीप' हा नवा रकाना वाढवला. वगळण्याच्या यादीत तो नव्हता, म्हणून उताऱ्यात आला. एका टिपेत लिहिले होते की अमुक आडनावाच्या आजींना हा शब्द सासू वापरत असे, सांगताना त्यांना रडू आले, नाव कुठे देऊ नये. नाव देऊ नये ही सूचनाच आडनावासकट बाहेर गेली. दुसऱ्या एका महाविद्यालयात ती टीप वर्गात वाचली गेली. त्या वर्गात आजींचा नातू बसला होता.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, पोरीला सांगितलं होतं ते तिच्या वहीसाठी. चार लोकांत वाचायला नव्हतं." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "शब्द राहू दे. रडले ते काढा."

त्या दिवसापासून आमचा नियम उलटा झाला. काय लपवायचे याची यादी नाही. काय द्यायचे याचीच यादी. नवा रकाना आला, तर कोणीतरी विचारपूर्वक यादीत घालेपर्यंत तो दप्तरातच राहतो. पायथनमध्ये मार्शमॅलोसारखी लायब्ररी यासाठी वापरता येते. तिच्यात उताऱ्याचा नमुना वेगळा लिहितात. आमचा अभ्यासकांसाठीचा नमुना असा :

{"शब्द": "मांडे", "अर्थ": "गोड सारण भरलेली पातळ पोळी", "गाव": "उचगाव", "सांगणारे": "व्य-१७"}

'व्य-१७' या खुणेमुळे दोन शब्द एकाच व्यक्तीचे आहेत हे अभ्यासकाला कळते. व्यक्ती कोण हे कळत नाही. गाव अगदी लहान असेल, तर गावाऐवजी तालुका देतो, कारण वीस घरांच्या वस्तीत वय आणि गाव एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

देवनागरीबाबत दोन गोष्टी. पायथनचा जेसन-उतारा नेहमीच्या मांडणीत प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजी सहा रोमन चिन्हांचा संकेत लिहितो. 'मांडे' या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत. त्यांची तीस होतात. माहिती हरवत नाही, पण माणसाला वाचता येत नाही. 'एन्शुअर-ॲस्की' हा पर्याय बंद केला, की देवनागरी तशीच उतरते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. त्यात कोणी 'सफाई' म्हणून अदृश्य चिन्हे पुसली, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातून थेट समुद्रात. तेव्हा आधी दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करावे, मगच सफाई.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : आपल्या गावातील दहा शब्द घेऊन शब्द, व्यक्ती आणि गाव असे तीन तक्ते करा. त्यांचे दोन उतारे काढा, एक स्वतःसाठी आणि एक अनोळखी वाचकासाठी. मग व्यक्तीच्या तक्त्यात एक नवा रकाना घाला आणि दुसरा उतारा पुन्हा काढून पाहा. तो तसूभरही बदलला नाही, तर तुमचे काम बरोबर आहे. शेवटी तो उतारा शब्द सांगणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. आम्ही हे आता दरवर्षी करतो. आजींनी पहिला उतारा ऐकल्यावर आणखी चार शब्द सांगितले.