डिझेल इंजिनास वनस्पतिज तेल : चालतें तें टिकतें काय ?

डिझेलचा भाव चढला कीं शेतकरी वर्गांत एक प्रश्न हटकून निघतो : बांधावरच्या करंजाचें किंवा शेतांतल्या भुईमुगाचें तेल घालून विहिरीवरचें इंजीन अथवा दारची मोटार चालवितां येणार नाहीं काय ? प्रश्न रास्त आहे. त्यास ‘होय’ असें उत्तर आम्हींही एकदां दिलें होतें. त्याचा परिणाम काय झाला तें सांगावें व या विषयाची खरी बाजू वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कल्पना नवी नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाचें इंजीन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वी झालें. पुढें १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत याच जातीचें एक लहान इंजीन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें. तें इतकें सुरळीत चालत होतें कीं, तेलांतील हा फरक फारच थोड्या लोकांच्या ध्यानीं आला, असें खुद्द डिझेलनें १९१२ सालीं नमूद केलें आहे. इंजीन तेलावर चालतें, याविषयीं मुळींच वाद नाहीं. वाद आहे तो तें किती दिवस चालतें याविषयीं.

आमच्या विहिरीवर पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजीन आहे. एके वर्षीं ओढ्याकांठच्या करंजाच्या शेंगा वेंचून घाण्यावर तेल काढविलें, फडक्यानें गाळलें व तसेंच टाकींत ओतलें. पहिले आठ दिवस इंजीन उत्तम चाललें. आम्ही तें कौतुकानें चार जणांस दाखविलें, आणि शेजारच्या एका शेतकऱ्यानें आमच्या शब्दावर आपल्या इंजिनांतही तेंच तेल घातलें. सहाव्या आठवड्यांत आमचें इंजीन सकाळीं सुरू होईना; झालें तर काळा धूर ओकूं लागलें. मिस्त्रीनें खोललें तेव्हां नॉझलच्या तोंडाशीं कोळशाची गांठ जमलेली, पिस्टनच्या रिंगा खांचेंत चिकटलेल्या व खालचें वंगण खळीसारखें दाट झालेलें आढळलें. ऐन फुलोऱ्यांत गव्हाचें एक पाणी चुकलें. शेजाऱ्याची गतही तीच झाली. आमचें नुकसान आमच्या हातानें झालें. त्याचें मात्र आमच्या जिभेनें झालें, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

असें कां व्हावें ? याचें मुख्य कारण तेलाचा दाटपणा होय. साधारण उष्ण हवेंत वनस्पतिज तेल डिझेलच्या सुमारें दहापट दाट असतें. डिझेल नॉझलमधून धुक्यासारखें फवारलें जाऊन तत्काळ जळतें. दाट तेलाचे थेंब मोठे पडतात व पुरते जळत नाहींत. अर्धवट जळलेल्या थेंबांचा कोळसा नॉझलवर व रिंगांवर बसतो, आणि उरलेलें तेल खालीं झिरपून वंगण बिघडवितें. हें काम हळूहळू चालत असल्यानें पहिल्या आठवड्यांत कांहींच दिसत नाहीं, आणि माणूस फसतो तो तेथेंच.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, तेल तापविणें. इंजिनास दोन टाक्या ठेवाव्या. सुरुवात डिझेलवर करावी. इंजीन गरम झाल्यावर, त्यांतून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यानें सत्तर-ऐशीं अंशांपर्यंत तापविलेलें तेल सोडावें. आणि बंद करण्यापूर्वीं कांहीं मिनिटें पुन्हां डिझेलवर चालवावें, म्हणजे नळ्यांत तेल राहत नाहीं. दुसरा, डिझेलमध्यें थोडें तेल मिसळणें. यानें त्रास कमी होतो, नाहींसा होत नाहीं. तिसरा व खरा उपाय म्हणजे तेलाचें रूपांतर करणें. मिथेनॉल नांवाचें मद्यार्क व थोडा दाहक क्षार यांची तेलाशीं प्रक्रिया केली असतां ग्लिसरीन निराळें होतें व डिझेलसारखें पातळ इंधन हातीं येतें. यासच बायोडिझेल म्हणतात. परंतु मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. हा उद्योग घराच्या पडवींत करण्याचा नव्हे.

तेलाची जातही पाहिली पाहिजे. जवसाचें तेल हवेनें सुकून रोगणासारखा थर धरतें. एरंडेल तर इतर तेलांहून कितीतरी दाट. करंजाचें तेल अखाद्य म्हणून सोईचें. पण त्यांत आम्लांश अधिक, आणि बी जुनें किंवा ओलसर असल्यास तो आणखी वाढतो.

आतां हिशेब. महसूल खात्यांत आंकडे लिहिण्यांत आमची हयात गेल्यामुळें त्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. समजा, एका एकरांत भुईमुगाच्या सहा क्विंटल शेंगा आल्या. फोलपटें जाऊन चार क्विंटल वीस किलो दाणे उरले व शेंकडा चाळीस प्रमाणें तेल निघालें, तर तें १६८ किलो, म्हणजे सुमारें १८३ लिटर भरेल. आमच्यासारखें इंजीन तासाला सव्वा लिटरच्या आसपास तेल खातें. म्हणजे एकरभर पीक दीडशें तासांत जळून जाईल ! तेंच तेल बाजारांत विकलें तर त्या पैशांत त्याहून पुष्कळ अधिक डिझेल येतें. शिवाय आपला देश खाद्य तेल बाहेरून आणतो. तें चुलीवरून काढून इंजिनांत ओतणें शहाणपणाचें नाहीं. करंजाच्या एक क्विंटल बियांपासून घाण्यावर पंचवीस किलो तेल धरलें, तर इंजीन बावीस तासांच्या आंतबाहेर चालेल. त्यांतून वेंचणीची मजुरी व घाण्याचा खर्च वजा करावा, आणि पेंडीचें मोल जमेस धरावें. ही पेंड खत म्हणून उत्तम. जनावरांस मात्र घालूं नये.

तात्पर्य, ज्याच्या बांधावर करंज आहेत, ज्याचें इंजीन जुन्या धर्तीचें व मंद गतीचें आहे आणि दोन टाक्यांची सोय करण्यास जो तयार आहे, त्यानें हा प्रयोग अवश्य करावा. तेल आठ दिवस निवळूं द्यावें, दाट कापडांतून दोनदां गाळावें, वंगण नेहमीच्या निम्म्या मुदतींत बदलावें व दर शंभर तासांनीं नॉझल काढून पाहावें. पिकास पाण्याची निकड असतां प्रयोग करूं नये. नव्या मोटारींत नॉझलचीं छिद्रें अति सूक्ष्म व फवाऱ्याचा दाब प्रचंड असतो. त्यांत कच्चें तेल घालण्याच्या भरीस कोणीं पडूं नये.

शेजाऱ्याच्या इंजिनाची दुरुस्ती आम्हीं आमच्या खर्चानें करून दिली. आतां आमच्या इंजिनावर दोन टाक्या आहेत. तें चांगलें चालतें. पण कोणी विचारल्यास पुरता एक हंगाम लोटेपर्यंत आम्ही ‘होय’ म्हणत नाहीं.