बाग कुणाची, पट्टी कुणाची?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. अठरा वर्षं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान आहे. मजुरी सगळी रोख; खर्च जाऊन महिना साठ-सत्तर हजार सुटतात. रिटर्न कधी भरलं नाही. आता साताऱ्यात फ्लॅट घ्यायचाय. पाहुणे म्हणतात, 'गावाकडं तीस गुंठे आहेत, बेदाणा विकल्याची पट्टी करून देतो, शेतीचं उत्पन्न दाखवा.' चालेल का?
– एक गलाईवाले

उत्तर : चालणार नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, पण ते पिकवावं लागतं. सातबाऱ्यावर द्राक्षाची नोंद नाही, औषधाची-खताची बिलं नाहीत, आणि अडत्याची पट्टी मात्र आहे. विचारणारा अधिकारी सांगली-तासगावकडचा निघाला, तर तीस गुंठ्यांत किती बेदाणा होतो, हे त्याला तोंडपाठ असायचं!

गंमत अशी, की ज्या करासाठी हा खटाटोप, तो तुम्हाला आज लागतच नाही. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे, आणि तुमचं जातं आठ-साडेआठ लाखांपर्यंत. रिटर्न मात्र 4 लाखांच्या वर भरावंच लागतं. मागच्या वर्षांचा कर निघेल. त्यासाठी 4 वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येतं. उशीर होईल तसा कर आणि व्याजावर 25 ते 70 टक्के जादा पडतात. नोटीस येण्याआधी सीएकडे जा.

कुणी सांगेल, 'रोख जमेच्या 8 टक्के नफा दाखव, वह्या नकोत.' अंदाजित नफ्याची ती सोय खरीच आहे. पण समजा, वर्षाच्या 12 लाख मजुरीवर 96 हजार दाखवलेत, तर फ्लॅट कशातून घेतला? सुटतात तेवढेच दाखवा. गृहकर्जाला बँक तेच रिटर्न मागते. उद्या अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यातही कमाईचा पुरावा म्हणून तेच पुढे येतं.

बिल्डर 'थोडे रोख द्या' म्हणेल. मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, की तेवढाच दंड घेणाऱ्याला आहे. तुम्हाला त्या पैशाची पावतीही मिळणार नाही.

आणि फ्लॅटआधी दुकानातलं रजिस्टर बघा. गाळायला आलेलं सोनं गिऱ्हाइकाचं असतं, पण कुणाचं किती ग्रॅम याची नोंद नसेल, तर तपासणीत ते तुमचंच धरतात.