पागलखाना चौकाच्या अलीकडे

नागपुरात वाढलेल्या माझ्या पिढीला मनाच्या आजाराचा एकच पत्ता ठाऊक होता: छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १८६४ पासून ते उभं आहे आणि तिथल्या चौकाला ऑटोवाले आजही पागलखाना चौकच म्हणतात. ‘तुला तिथेच सोडून येतो’ हे भावंडांच्या भांडणातलं ठरलेलं वाक्य. माणसांचे दोनच प्रकार, चौकाच्या अलीकडचे शहाणे आणि पलीकडचे वेडे, असं धरून आम्ही मोठे झालो. अलीकडच्या माणसाला झोप लागत नसेल, भाजी चिरताना एकाएकी रडू येत असेल, तर त्याने कुठे जायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत शिकवते. घर आहे, संसार आहे, बाहेरून पाहणाऱ्याला काही बिघडलेलं दिसलं नसतं. वडील गेल्यानंतर मी समुपदेशनासाठी जायला लागले. तिथे जे उमगत गेलं, ते सांगावंसं वाटतं.

१. मनाचं दुखणं माझ्यापर्यंत शरीराच्या वाटेने आलं. पहाटे तीनच्या सुमाराला जाग यायची, छातीत धडधडायचं, हातांना मुंग्या यायच्या. हृदयाचंच काहीतरी असणार असं वाटून धंतोलीत एका डॉक्टरांकडे गेले. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, बी-१२ झालं. या तपासण्या करून घ्याव्याच, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच खचतो आणि दोष मात्र स्वतःच्या स्वभावाला देत बसतो. माझे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले आणि विचारलं, “घरी सध्या काय चाललंय?” मला उत्तर देता आलं नाही, रडूच फुटलं. नंतर कळलं की धोका जाणवला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. काळजीपासून पळून जाणार कुठे? म्हणून ती तयारी रात्रभर तशीच राहते. श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ तो सोडायला लावला की ठोके हळूहळू उतरतात. एवढ्याशा गोष्टीचा इतका उपयोग होईल, असं मला खरंच वाटलं नव्हतं.

२. आपलं दुःख लहान आहे, त्यासाठी मदत मागू नये, ही समजूत सगळ्यात चिवट निघाली. आत्याला फोनवर थोडंसं सांगितलं तर ती म्हणाली, “तुले कायची कमी हाय व? नोकरी हाय, घर हाय, लेक शिकून राह्यली.” तिच्या बोलण्यात माया होती आणि तिचं म्हणणं मला पटलंही होतं. ज्या विदर्भात कर्जापायी शेतकरी जीव देतात, तिथे पगारदार बाईने मन उदास आहे म्हणून पैसे खर्चायचे, हे मला लाजिरवाणं वाटत होतं. मग अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाबद्दल वाचलं आणि ही लाज निम्मी तरी उतरली. तिथल्या ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं गेलं. त्यांनी टेन्शनबद्दल, जीव नकोसा होण्याबद्दल लोकांशी बोलायला सुरुवात केली. गरज असेल त्याला समुपदेशन दिलं आणि गंभीर त्रास असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवलं. प्रकल्पाआधी नैराश्याने ग्रासलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण कुठली तरी मदत घेत होते. दीड वर्षाने हा आकडा २७ वर गेला. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. म्हणजे बोलण्याचा उपचार शहरातल्या सुखवस्तू लोकांची चैन आहे, ही माझी कल्पना माझ्याच विदर्भातल्या खेड्यांनी खोडून काढली. गावातली माणसं दार उघडल्याबरोबर आत आली. त्यांच्यासाठी इतकी वर्षं दारच नव्हतं.

३. समुपदेशक सल्ला देत नाहीत, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटलं. मी सवयीप्रमाणे विचारायची, “मग मी काय करू?” आणि त्या विचारायच्या, “त्या क्षणी तुमच्या मनात नेमकं काय आलं?” पहिल्या भेटीत त्यांनी झोप, भूक, घरातली माणसं, याआधी कधी असं झालं होतं का, सगळं विचारून घेतलं. इथलं बोलणं इथेच राहील, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मला कुणाला तरी सांगावं लागेल, हेही स्पष्ट केलं. त्या अटीमुळे माझा विश्वास वाढला. मग वही आली. काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, मी काय केलं, असे चार रकाने. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे न बघता दुसऱ्या शिक्षिकेचं कौतुक केलं, एवढीच घटना. शेजारच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘माझी इथे कुणालाच गरज नाही.’ घटना आणि तिचा मी लावलेला अर्थ यांच्यातलं अंतर कागदावर उतरेपर्यंत मला दिसलं नव्हतं. हे अंतर दाखवण्यामागे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आहेत. १९५० च्या दशकात त्यांनी ही विवेकनिष्ठ उपचारपद्धत मांडली, आणि कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचून ती मराठीत आणली. आपल्या भाषेत ती आली नसती तर माझ्यासारखीला वहीत काय लिहायचं हे तरी कळलं असतं का?

४. काही गोष्टी इतक्या आत असतात की त्या आहेत हेच आपल्याला माहीत नसतं. मी तिथे झोपेसाठी गेले होते आणि बोलणं वडिलांवर जाऊन थांबलं. शेवटच्या काळात त्यांची स्मृती गेली होती. रात्री उठून ते दार वाजवायचे, घरी जायचंय म्हणायचे, मला वहिनी समजून ‘बाईला बोलवा’ म्हणायचे. बाई म्हणजे मीच. घरात ते मला बाई म्हणत. ते गेले त्या दिवशी सगळं आवरल्यावर मी अंथरुणाला पाठ टेकली आणि मनात पहिली गोष्ट आली ती ‘सुटलो’. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं, मी त्यांच्या आवडीची कढी न चुकता केली आणि दर वेळी तो शब्द आतून टोचत राहिला. समुपदेशकांसमोर तो तोंडातून बाहेर पडला तेव्हा वाटलं, आता या बाई माझ्याकडे कशा बघतील. त्यांनी सांत्वन केलं नाही, तुमची काही चूक नाही असंही म्हणाल्या नाहीत. विचारलं, “तेव्हा सलग रात्रभर झोपून तुम्हाला किती काळ झाला होता?” मला आठवेना. मग त्यांनी सांगितलं की दीर्घ आजाऱ्याची सेवा केलेल्या अनेकांना सुटकेची भावना येते, आणि ती प्रेमाच्या शेजारीच राहू शकते. एक खरी असली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. त्या दिवशी तिथून घरी येताना मी वडिलांसाठी रडले. त्याआधीचं सगळं रडणं अपराधीपणाचं होतं.

५. बरं वाटल्यावर बाहेर पडू, असं म्हणत राहिलं तर बाहेर पडणं होत नाही. क्रम उलटा लागतो: आधी बाहेर पडायचं, मग बरं वाटू लागतं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच करून दाखवलं. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे वळवलं आणि त्याचा गुण आला. माझ्या वाट्याला फुटाळा तलावाची फेरी आली. मन नको म्हणत असतानाही जायचं, एवढाच नियम.

६. आमच्या शहराला इडापिडा बाहेर काढणं नवीन नाही. पोळ्याच्या पाडव्याला काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, सगळे पुतळेच, आणि महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्याला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक ओरडतात. शंभराहून अधिक वर्षं हे चाललं आहे. सार्वजनिक त्रासाला आम्ही रस्ता दिला. घरातल्या त्रासाला मात्र ‘लोक काय म्हणतील’ एवढंच उत्तर राहिलं.

७. एकाच माणसाकडे सगळं मिळत नाही, आणि पहिलाच माणूस जुळेल असंही नाही. मी ज्या समुपदेशकांकडे आधी गेले होते ते माझ्याऐवजी फोनकडे बघत होते. मी जागा बदलली आणि ते योग्य झालं. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. माझ्या एका मैत्रिणीला औषधाशिवाय अंथरुणातून उठताच येत नव्हतं. तिला ‘गोळ्यांची सवय लागेल’ म्हणून घाबरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. फी परवडत नसेल तर मेडिकलची, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची, मानसोपचार ओपीडी आहे, आणि ज्याला आपण पागलखाना म्हणतो तिथेही बाह्यरुग्ण विभागात माणसं तपासून घेऊन संध्याकाळच्या आत घरी परततात. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर सकाळची वाट न बघता तिथे फोन करावा. आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर तो क्रमांक मी लिहून ठेवला आहे.

८. माझं बोलणं घरात इतरांना बोलतं करेल, हे ध्यानीमनी नव्हतं. पहाटेची जाग अजून अधूनमधून येते. समुपदेशकांकडे आता कधीतरीच जाते. पण पुण्याच्या भावाला मी एकदा फोनवर ‘सुटलो’ची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मी दूर होतो, मला तर तेवढंही करता आलं नाही.” आजारपणाच्या त्या वर्षात त्याचीही झोप गेली होती, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे सेवा करणाऱ्याची निदान विचारपूस तरी होते. लांब राहून पैसे पाठवणाऱ्याला काय झालंय हे कोण विचारतं? आम्ही अजून बोलतो, बहुतेक रविवारी. गेल्या वेळी फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, पुण्यात कुणाकडे जावं.