गुजबेरीची दगडी भिंत

अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथे गुजबेरी धबधब्याचे सरकारी उद्यान आहे. उद्यान म्हणजे बाग नव्हे, चांगले मोठे जंगलच. लोक तेथे सहलीला जातात, तंबूत राहतात. थंडीत पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात. मला मात्र तिथली भिंत आवडली.

१९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले. १९३३ साली चार कामगारांत एकजण बेकार होता. मग अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तरुण पोरांना जंगलात काम दिले. महिना पगार ३० डॉलर. त्यातले २५ घरी पाठवायचे. म्हणजे घरची चूल पेटायची. पोराला उरायचे ५.

गुजबेरीला ही पोरे १९३४ साली आली. गवंड्यांच्या हाताखाली दगडकाम शिकली. त्यांनी पायवाटा केल्या, दगडी घरे बांधली. रस्त्याजवळची माती धरून ठेवायला सुमारे ३०० फूट लांब भिंत घातली. केवढी! दगड लाल, निळसर, तपकिरी, काळे. लोक तिला उद्यानातला किल्ला म्हणतात.

आमची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्या पोरांच्या हाताला पण फोड आले असतील बघ."

१९४१ साली छावणी उठली. भिंत अजून उभी आहे.