वापरलेले द्रावक पुन्हा उपयोगात

गुहागर तालुक्यातील हेदवी हे समुद्रकाठचे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे व बामणघळीमुळे सर्वपरिचित आहे. तेथील समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड केली तर हाती गोडे पाणी येते व मीठ भांड्याच्या तळाशी राहते. ऊर्ध्वपातनाचा हा पाठ प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. रुग्णालयातील ऊतितपासणीच्या प्रयोगशाळेतही तोच उपयोगी पडतो. मात्र तेथे पणास लागलेले असते ते रुग्णाचे निदान.

हेदवीसारख्या गावातील एखाद्या स्त्रीच्या तोंडात मशेरीच्या दीर्घ सवयीमुळे न भरणारा व्रण झाला, तर त्या जागेचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत टाटा स्मारक केंद्र आणि चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय यांनी कर्करोग लवकर शोधून काढण्याचे कार्य केले आहे. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडील आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

तपासणीसाठी आलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातील पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात आणि वितळलेले मेण त्यात भरतात. मेण घट्ट झाल्यावर तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. पुढे रंग देण्यापूर्वी हेच मेण झायलीननेच काढावे लागते. अशा रीतीने दोन्ही द्रावक सतत लागतात आणि मळतातही: अल्कोहोलमध्ये पाणी व रंग उतरतो, तर झायलीनमध्ये मेण व अल्कोहोल.

हे मळलेले द्रव मोरीत ओतणे हा सोपा, पण अत्यंत अयोग्य मार्ग होय. गुहागर तालुक्याच्या उत्तर सीमेवरील दाभोळ खाडीतील मच्छीमारांनी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविषयी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. प्रयोगशाळेतून जाणारे द्रव त्या मानाने अल्प, हे खरे; तथापि खाडीला कारखाना कोणता व रुग्णालय कोणते हे कळत नाही.

झायलीन १३८ ते १४४ अंश सेल्सिअसला उकळते. मळलेले झायलीन तापवले असता अल्कोहोल व पाणी आधी निघून जातात. हा पहिला भाग वेगळा काढावा. त्यानंतर स्वच्छ झायलीन मिळते व मेण तळाशी राहते, समुद्राच्या मिठासारखेच. अल्कोहोलची गोष्ट इतकी सरळ नाही. एथिल अल्कोहोल व पाणी यांचे मिश्रण सुमारे ९५ टक्क्यांवर पोचले की पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने वेगळे होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलची मर्यादा तर ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. (एथिल अल्कोहोलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणून अनेक प्रयोगशाळा आयसोप्रोपिलच वापरतात.) सबब परत मिळवलेले अल्कोहोल खालच्या तीव्रतेच्या पायऱ्यांना आणि रंगकामातील धुण्याला वापरावे, शेवटच्या निर्जल पायरीसाठी नवेच घ्यावे. झायलीनच्याही बाबतीत परत मिळवलेला द्रव प्रथम मेण काढण्याच्या भांड्यात घालावा, शेवटचे भांडे ताज्या द्रावकाचे ठेवावे.

ही सावधगिरी काटकसरीच्या आड येणारी वाटेल. पण पाण्याचा अंश राहिला तर काचपट्टी दुधाळ होते, मेण नीट शिरत नाही आणि छेद फाटतो. तुकडा अगदी लहान असेल तर पुन्हा तपासायला काहीच उरत नाही. मग त्या स्त्रीने पुन्हा एस.टी.ने यायचे आणि पुन्हा तुकडा काढू द्यायचा. म्हणून अल्कोहोलची तीव्रता घनतामापकाने पाहावी. एकाच ऊतीचे दोन भाग करून एक नव्या व दुसरा परत मिळवलेल्या द्रावकातून न्यावा आणि दोन्ही काचपट्ट्या विकृतिशास्त्रज्ञाने शेजारी ठेवून पाहाव्यात. ही जुळणी पटल्याखेरीज रुग्णाचा नमुना त्या द्रावकात घालू नये.

झायलीनची वाफ सुमारे ३० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि कोकणातील दुपार त्याहून उष्ण असते. तेव्हा उघड्या ज्योतीवर अथवा घरगुती शेगडीवर हा उद्योग मुळीच करू नये. बंदिस्त संयंत्र, तापमान वाढताच आपोआप थांबणारी व्यवस्था व वाफ बाहेर नेणारी हवा खेळती हवी. भांडे कोरडे होईतो तापवू नये. फॉर्मॅलिन या द्रवांत मिसळू नये. त्याची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार स्वतंत्रपणे करावयाची असते.

झायलीनला पर्याय म्हणून खोबरेल तेलाचे प्रयोगही भारतीय दंतवैद्यकीय प्रयोगशाळांत झाले असून त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. कोकणाला ही वार्ता सुखावणारी खरी. परंतु सुमारे २४ अंशांखाली हे तेल थिजते, त्यामुळे ते उबदार ठेवावे लागते.

तळाशी उरलेला मेणकट गाळ हा घातक कचराच आहे. तो घट्ट झाकणाच्या डब्यात, तारीख व मजकूर लिहून, अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे द्यावा आणि किती द्रावक आत घेतला, किती परत मिळाला व किती गाळ उरला याची नोंदवहीत नोंद करावी.