जुलाबात पाणी तोडू नये



यात्रेला निघताना टाळ, पताका, पडशी यांची आठवण राहते. परंतु वाटेत पोट बिघडले तर काय करावयाचे, याचा विचार आपण क्वचितच करतो. कीर्तनकाराने वैद्यकी का सांगावी, असे कोणी म्हणेल. ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती चारचौघांत सांगावी, एवढाच माझा अधिकार.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची दिंडी माहूरहून आषाढीला निघाली होती. तिसऱ्या मुक्कामी एका वृद्ध माउलीस जुलाब-वांत्या सुरू झाल्या. ती सारखी पाणी मागे. मी नुकताच पाठशाळेतून बाहेर पडलेला, लंघनाचे माहात्म्य घोकलेला. मी सांगितले, "थेंबभर पाणी देऊ नका, जुलाब वाढतील." मंडळींनी ऐकले, कारण सांगणारा शास्त्री! सायंकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, लघवी बंद झाली. गावकऱ्यांनी बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. सलाईन लागले म्हणून म्हातारी वाचली. डॉक्टर मला एवढेच म्हणाले, "महाराज, रांजण गळका, आणि वरून पाणी घालणेही बंद केले, तर तळ दिसायला कितीसा वेळ लागतो?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता यातील मर्म पाहू. जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसत्या पाण्याने क्षारांची भर होत नाही. परंतु आतड्यात मीठ आणि साखर एकत्र आली की ती जोडीने आत शोषली जातात व त्यांच्यामागून पाणीही जाते. पटकीसारख्या रोगातही ही वाट उघडी राहते.

पटकीची साथ आली म्हणजे पूर्वी गावेच्या गावे मरीआईला शरण जात. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत ही साथ पेटली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांच्या नातलगांनाच ते पाजावयास लावले. शेकडा ३० पर्यंत असलेले मृत्यू शेकडा ४ च्याही खाली आले. तीच ही जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस.

पुडी मिळाली तर तीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात सबंध पुडी विरघळवावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. चव डोळ्यांतील आसवांहून खारट नसावी. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरील मुलास १०० ते २००, आणि मोठ्यास मागेल तितके द्यावे.

येथे शंका येते की, प्यायलेले ओकून पडते, त्याचे काय? समाधान असे की, दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. दुसरी शंका, उपास घडवावा का? अहो, घडवू नये. पेज, मऊ भात, वरण, ताक, जे रुचेल ते थोडे थोडे द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. मुलांना जुलाब बांधणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. डॉक्टर झिंक देतील ते सांगतील तितके दिवस पुरे करावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याने जुलाब लागताच तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

शौचात रक्त पडणे, ताप चढणे, लघवी न होणे, गुंगी येणे, काहीच पिता न येणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत, पिता येत असेल तर वाटेतही पाणी पाजत राहावे.

आणि मुळात रोगच होऊ नये म्हणून काय करावे? पैनगंगेचे पाणी पवित्र खरे, परंतु पिण्यापूर्वी ते चांगले खळखळून उकळावे. पंगतीला बसण्यापूर्वी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवावे. शिळे व उघडे अन्न टाळावे. नवरात्रात किंवा दत्तजयंतीला माहूरचे डोंगर चढणाऱ्यांनीही हे ध्यानात धरावे.

ती माउली पुढल्या वर्षी पुन्हा वारीत आली. मला पाहून हसली आणि म्हणाली, "महाराज, औंदा पाणी पिऊ देशीला ना?" तेव्हापासून माझ्या पडशीत पोथीशेजारी चार पुड्या असतात. आपणही ठेवाव्यात, एवढीच विनंती.

राम कृष्ण हरि.