पोलादी निशाण लावताना

बाळा, सूनबाई म्हणाली की स्वारीने नेमबाजीसाठी पोलादी निशाणं मागवली आहेत आणि खोकं गॅरेजात पडून आहे. बरं झालं, अजून उघडलं नाहीस. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटरवरच्या ज्या निशाणावर कांस्य घेतलं, ते गोळीला उलट उत्तर देत नाही. पोलाद देतं. ते उत्तर कुणीकडे जायचं हे पाना ठरवतो, तेव्हा पाना हातात घेण्याआधी हे वाचून ठेव.

१. आधी जागा, मग प्लेट — तुमच्या बेलव्ह्यू शहराच्या हद्दीत परसात बार काढता येत नाही, आणि रेंजवरही स्वतःचं पोलाद चालतं की नाही हे गाडी भरण्याआधीच विचारलेलं बरं.

२. राज्याच्या जंगलात गेलात तर मागे मातीचा बांध हवाच — वॉशिंग्टन राज्याचा तसा नियम आहे, आणि हुकलेली गोळी झाडामागे कोण उभं आहे ते विचारत नाही. बांध नाही तर बंदूक नाही.

३. प्लेट 'एआर ५००' जातीचीच घे, रायफलसाठी निदान ३/८ इंच जाड — भंगारवाल्याकडचं साधं लोखंड मऊ असतं, त्याला खळगे पडतात. खड्डा पडला पोलादाला, वाट मिळाली शिशाला!

४. तिला घरी गॅसने भोक पाडू नकोस की वेल्डिंग करू नकोस — तापलं की त्या जागचा कडकपणा गेला, आणि गेलेला डोळ्यांना दिसत नाही.

५. आता खरं काम. प्लेटचं तोंड जमिनीकडे झुकलेलं हवं, सुमारे २० अंश, म्हणजे वरची कड तुझ्याकडे पुढे आलेली — गोळी फुटली की तिच्या ठिकऱ्या प्लेटच्या अंगाला लागून चहूकडे पसरतात, नळाखाली पालथ्या ताटलीवर पाणी पसरतं तशा. झुकाव असला की पुढे येणाऱ्या ठिकऱ्या मातीत जातात.

६. झुकाव हाताने दाबून आणू नकोस, टांगणीतूनच येऊ दे: पट्टा प्लेटच्या मागच्या बाजूला, थोडं अंतर सोडून जोड — मग वजनाने खालची कड आपोआप मागे जाते आणि हेलकावा खाऊनही प्लेट पुन्हा तशीच येऊन थांबते. साखळीपेक्षा जाड रबरी पट्टा बरा, कारण साखळीच्या कडीवर बसलेली गोळी कुठे उडेल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही.

७. बोल्टचं गोल, गुळगुळीत डोकं तुझ्याकडे, नट मागे — षटकोनी डोक्याच्या कडा म्हणजे गोळीला नवी दिशा देणारे सहा पंच.

८. स्टँडचे पाय लाकडाचे, दोन-बाय-चारचे — लाकूड गोळी पोटात घेतं आणि मोडलं तर बदलता येतं. समोर उघडा पडलेला लोखंडी अँगल यातलं काहीच करत नाही.

९. तुमच्याकडच्या ओल्या मातीत पायांखाली फळी टाक, वर वाळूची पोती ठेव, आणि मधूनमधून जाऊन झुकाव बघ — ऑक्टोबरनंतर जमीन अशी भिजते की मागचे पाय रुतले तर प्लेट हळूहळू आभाळाकडे बघायला लागते. ही चूक डोळ्यांसमोर होते आणि कुणाला दिसत नाही.

१०. दोन प्लेटा शेजारी शेजारी चिकटवू नकोस — एकीच्या ठिकऱ्या दुसरीवर जातात, आणि शेजारधर्म तिथे चालत नाही.

११. पिस्तूल निदान १० यार्डांवरून, रायफल १०० यार्डांवरून, उभं राहायचं ते समोरासमोर — हे अंतर कमीत कमी आहे. दोन पावलं मागे सरकल्याने कुणाची मान खाली जात नाही.

१२. गोळ्यांना लोहचुंबक लावून बघ. चिकटली तर ती पोलादासाठी नाही — पोलादी गाभ्याची, हिरव्या टोकाची गोळी प्लेटला खड्डे पाडते, आणि उन्हाळ्याच्या सुक्या गवतात तिची एक ठिणगी पुरते.

१३. प्लेट टांगायला जाताना सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या आणि खाली; पाना हातात तोवर बंदूक पेटीत — १२ इंची गोल प्लेटसुद्धा साडेपाच किलोची असते, तिच्याशी झटताना मागे कोण काय करतंय हे कळत नाही. हातमोजे घाल, कडा धारदार असतात.

१४. चष्मा आणि कानपट्टे सगळ्यांना, नुसत्या बघायला आलेल्या पाहुण्यालाही — ठिकरीला नेमबाज आणि पाहुणा यातला फरक कळत नाही. नेहमीच्या नंबराच्या चष्म्यावर भागवू नकोस.

१५. दर वेळी आधी प्लेटवरून हात फिरव. खळगा, तडा, वाक लागला तर ती बाद — "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणारे मी बरेच पाहिलेत, त्यांना ती पाठमोरी करून वापरायचाही फार मोह होतो.

१६. डबा उघडायच्या आधी हात आणि तोंड साबणाने, गार पाण्याने धू, आणि बूट गॅरेजातच काढ — शिशाची धूळ दिसत नाही, आणि तुमची धाकटी अजून रांगते आहे.